युनिव्हर्सल कंपनीची एम-१ कार्बाइन संग्रहासाठी घ्यावी का?

एम-१ कार्बाइन म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी लष्कराची हलकी, आखूड रायफल. अमेरिकेतल्या गन शोमध्ये (शस्त्रांच्या प्रदर्शन-विक्रीत) विक्रेता युनिव्हर्सलच्या कार्बाइनबद्दल 'महायुद्धातली आहे, लष्करी सुटे भाग सगळे बसतात' असं सांगतोय, त्यावर विश्वास ठेवावा का, असं तुम्ही विचारलंय.

पहिला दावा खोटाच. १९४२ ते १९४५ दरम्यान दहा मुख्य कंत्राटदारांनी ६० लाखांहून जास्त कार्बाइन बनवल्या. त्यात इनलँड, विंचेस्टर, अंडरवुड, आयबीएम आणि ज्यूकबॉक्स बनवणारी रॉक-ओलासुद्धा होती. युनिव्हर्सल नव्हती. फ्लॉरिडातल्या हायालियाची ही कंपनी युद्धानंतर नागरी बाजारासाठी कार्बाइन बनवू लागली.

दुसरा दावा अर्धाच खरा. सुरुवातीच्या युनिव्हर्सलमध्ये लष्कराने विकून टाकलेले शिल्लक भाग वापरले होते. तो साठा आटत गेला तसं कंपनीने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रचनाच बदलली. मूळ कार्बाइनला एकच लांब रिकॉइल स्प्रिंग (गोळी सुटल्यावर मागे गेलेले भाग पुढे ढकलणारी) असते, नव्या युनिव्हर्सलला दोन. स्लाइड, म्हणजे यंत्रणा मागे-पुढे नेणारा सरकता भाग, तीही वेगळी. त्यामुळे स्लाइड झिजली तर लष्करी स्लाइड बसत नाही, दुसरी युनिव्हर्सल मोडून काढलेलीच शोधावी लागते. माझ्या मते ही बंदूक टाळण्याचं हेच खरं कारण.

विक्रेत्याच्या परवानगीने तपासा. आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, बोल्ट (चेंबर बंद करणारा भाग) मागे ओढून चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, रिकामं असल्याची खात्री करा. मग पुढच्या बँडचा (बॅरल आणि दस्ता एकत्र धरणाऱ्या कड्याचा) स्क्रू सैल करा, बँडची स्प्रिंग दाबून बँड पुढे सरकवा, हँडगार्ड (बॅरलवरचं आवरण) काढा आणि बॅरल-रिसीव्हर (रिसीव्हर म्हणजे बोल्ट ज्यात हलतो तो मुख्य सांगाडा) दस्त्यातून वर उचला. दोन स्प्रिंग दिसल्या तर उत्तर मिळालं. एकच असेल तर तिची मोकळी (न दाबता) लांबी मोजा: नवी सुमारे १०¼ इंच असते, दहाच्या खाली गेलेली बदलावी. थकलेल्या स्प्रिंगमुळे बोल्ट नीट बंद होत नाही. गॅस पिस्टनही बघा; गोळीमागच्या वायूच्या दाबाने स्लाइडला मागे ढकलणारा तो बॅरलखालचा छोटा भाग. बॅरल वर-खाली कलवल्यावर तो खटखट हलायला हवा. अडकला असेल तर कार्बन साचलाय, पण त्याची नट योग्य पान्याशिवाय खोलू नका.

नव्या बनावटीतली हवी असेल तर ऑटो-ऑर्डनन्स किंवा २०१४ पासूनची इनलँड मॅन्युफॅक्चरिंग बघा. दोन्हींचा आराखडा लष्करी मूळाच्या जवळचा आहे, म्हणून बरेचसे लष्करी भाग चालतात. मात्र रिसीव्हर ओतीव (साच्यात ओतलेला) असतो, युद्धकालीन रिसीव्हर घडीव (ठोकून घडवलेला) होता. आणि ही इनलँड म्हणजे जनरल मोटर्सचा युद्धकाळातला विभाग नव्हे. जुनी आणि नवी, दोन्ही इनलँड ओहायोतल्या डेटनच्या, त्यामुळे गोंधळ होतो.

खरी लष्करी घेताना भाग वेगवेगळ्या कंत्राटदारांचे दिसले म्हणून बिचकू नका. युद्धानंतर शस्त्रागारांत बहुतेक कार्बाइन खोलून पुन्हा जुळवल्या गेल्या. मॅगझिन मात्र १५ गोळ्यांचं लष्करीच घ्या. ३० चं वापरायचं तर एम-२ चा (याच कार्बाइनच्या स्वयंचलित आवृत्तीचा) मॅगझिन कॅच, म्हणजे मॅगझिन धरून ठेवणारी खिट्टी, लागतो, कारण जुन्या कॅचला डावीकडचा आधार नाही आणि भरलेलं मॅगझिन खाली लोंबून गोळी अडकते.