माळावरची सारखी दिसणारी पिवळी फुले कशी ओळखावीत?

आपण विचारले आहे की, विजापूर रस्त्यावरच्या सिद्धेश्वर वनविहारात आणि शहराबाहेरच्या माळांवर फिरताना तरवड, टाकळा आणि कासविंदा यांची फुले एकसारखीच दिसतात, मोबाइलमधील ॲप एकाच झाडाला आज टाकळा म्हणते आणि उद्या कासविंदा, तेव्हा नेमके काय पाहून ओळखावे. मी सोलापूरचाच रहिवासी असून याच माळांवर वनस्पती पाहत असतो. माझे उत्तर असे की, या झाडांच्या बाबतीत फुलापासून सुरुवातच करू नये.

ही तिन्ही झाडे ‘सेना’ या एकाच वंशातील आहेत. पाच पिवळ्या पाकळ्या, त्यांत लहानमोठे पुंकेसर आणि टोकाच्या छिद्रांतून परागकण सोडणारे परागकोश ही ठेवण साऱ्या वंशाची असल्यामुळे फूल आपल्याला फार तर घराणे सांगते, व्यक्ती सांगत नाही. ॲपला बहुधा आपण फुलाचेच छायाचित्र देतो, म्हणून त्याचाही गोंधळ होतो. खरा फरक पानाच्या देठावर आणि शेंगेत असतो.

या झाडांचे पान संयुक्त असते, म्हणजे एका मधल्या दांडीवर लहान पर्णिकांच्या जोड्या असतात. त्या दांडीवर बारीक ग्रंथी असतात. त्यांतून गोड रस पाझरतो आणि तो टिपायला मुंग्या येतात. ही ग्रंथी कोठे आहे, हे माझ्या मते सर्वांत भरवशाचे लक्षण आहे, कारण झाड मोठे असो वा खुरटलेले, फुलावर असो वा नसो, तिची जागा बदलत नाही. कासविंद्यात पानाच्या देठाच्या अगदी बुडाशी, खोडाला लागूनच, एकच ठसठशीत गोलसर ग्रंथी असते. टाकळ्यात देठाच्या बुडाशी काही नसते. तेथे खालच्या पर्णिकांच्या जोड्यांमध्ये बारीक, उभी ग्रंथी दिसते. तरवडात मात्र पर्णिकांच्या प्रत्येक जोडीमध्ये एकेक ग्रंथी असते.

एवढे पाहिल्यावर बाकीची लक्षणे पडताळणीसाठी घ्यावीत. टाकळ्याच्या पर्णिका बहुधा तीन जोड्या, टोकाकडे रुंद आणि बोथट असतात. कासविंद्याच्या चार-पाच जोड्या असून त्या टोकदार असतात. टाकळ्याची शेंग वीतभरापर्यंत लांब आणि बारीक, तर कासविंद्याची चपटी, किंचित वर वळलेली आणि फिकट कडांची असते. वासावर मात्र जाऊ नये, कारण चुरगाळल्यावर दोन्हींची पाने उग्र वास सोडतात. तरवड तर झुडूपच आहे. आपल्याकडे नवरात्रात घटावर ज्याच्या फुलांची माळ चढवतात तोच हा. त्याच्या पानाच्या बुडाशी मोठी, पानासारखी, गोलसर उपपर्णे, म्हणजे देठाच्या दोन्ही बाजूंची उपांगे, असतात आणि ती गळून पडत नाहीत. शेंग चपटी व कागदासारखी पातळ असते. रस्त्याकडेला आणि पडीक जमिनीवर एक चौथी जातही माजलेली दिसेल, ती म्हणजे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतून आलेली ‘सेना युनिफ्लोरा’. अंगावर तांबूस लव, लहान फुले आणि आखूड, आडव्या खाचा पडलेल्या शेंगा यांवरून ती वेगळी काढता येते. ॲप तिलाही अनेकदा टाकळा ठरवते.

हा फरक केवळ हौसेचा नाही. टाकळ्याच्या कोवळ्या पानांची पावसाळ्यात भाजी करतात, तर कासविंद्याच्या बिया विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना झालेल्या यकृत व मेंदूच्या गंभीर आजाराचा संबंध त्या खाण्याशी जोडला गेला आहे. म्हणून ॲपच्या भरवशावर रानातली कोणतीही भाजी खुडून घरी नेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

फुलाच्या आत डोकावल्याशिवाय भागत नाही अशीही काही उदाहरणे आहेत. मुरमाड माळावर जमिनीलगत पसरणारी निळ्या इवल्या फुलांची विष्णुक्रांता आणि पांढरट-गुलाबी फुलांची शंखपुष्पी या दोन्ही वनस्पती औषधासाठी एकाच नावाने खपतात. विष्णुक्रांतेत दोन कुक्षीवृंत, म्हणजे फुलातील स्त्रीकेसराच्या बारीक दांड्या, असून प्रत्येक पुन्हा दुभंगलेला असतो, त्यामुळे भिंगाखाली चार तंतू दिसतात. शंखपुष्पीत एकच कुक्षीवृंत असून त्याच्या टोकाला दोन फाटे असतात. विष्णुक्रांतेचे फूल दुपारपर्यंत मिटते, तेव्हा सकाळीच जावे. रुईच्या दोन जाती तुलनेने सोप्या आहेत: पाकळ्या पसरट किंवा मागे वळलेल्या असतील तर मोठी रुई, आणि उभट राहून टोकाला जांभळ्या असतील तर दुसरी.

आता छायाचित्रांविषयी. एका झाडाची निदान चार छायाचित्रे घ्यावीत: संपूर्ण झाड, पान खोडाला जोडते तो सांधा जवळून, पर्णिकांमधली दांडी वरच्या बाजूने, आणि शेंग. फुलाचे घ्यायचेच असेल तर समोरून आणि बाजूने असे दोन्ही घ्यावे. शेजारी पट्टी ठेवली तर मापाचा प्रश्न उरत नाही. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग खिशात असावे. त्याच्याइतका उपयोग महागड्या कॅमेऱ्याचाही होत नाही, असे मला वाटते. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात गेलात तर तेथे काहीही तोडू नये आणि ठरलेली वाट सोडू नये, कारण त्या गवतात जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात.

आपण वर्णन केलेले गुडघाभर उंचीचे, टोकदार पर्णिकांचे झाड वर्णनावरून मला कासविंदा वाटते. तथापि देठाच्या बुडाची ग्रंथी पाहिल्याशिवाय मी ते नक्की म्हणणार नाही. त्या सांध्याचे छायाचित्र जोडावे, आणि ते शक्य नसेल तर शेंगा धरेपर्यंत त्याच झाडाकडे पुन्हा जावे.