'गोअर'ला बीभत्स म्हणावे का?

प्रश्न असा: १९८०च्या आसपास थोडक्या पैशांत निघालेल्या, रक्तामांसाने माखलेल्या अमेरिकी भयपटांना 'गोअर', 'स्प्लॅटर' म्हणतात. मराठीत 'बिभत्सपट' चालेल का?

आधी ऱ्हस्वदीर्घ. बिभत्स नव्हे, बीभत्स. मूळ धातू बध्. त्याला सन् हा संस्कृत प्रत्यय लागला की द्वित्व होते, म्हणजे धातूचे पहिले अक्षर दोनदा येते, आणि द्वित्वातला पहिला स्वर दीर्घ होतो. पाणिनीच्या ज्या सूत्राने (३.१.६) हे घडते, त्यानेच मान् धातूपासून 'मीमांसा' होते. मीमांसेतला 'मी' कोणी ऱ्हस्व लिहीत नाही. 'बी'वरच का अन्याय?

अर्थाने शब्द चपखल आहे. जुन्या इंग्रजीत 'गोअर'चा अर्थ शेण, घाण. साकळलेले रक्त हा अर्थ मागाहून आला. भरताच्या नाट्यशास्त्राचा सहावा अध्याय बीभत्स रसाचे भेद सांगताना म्हणतो, 'विष्ठाकृमिभिरुद्वेगी क्षोभजो रुधिरादिजः'. विष्ठा, किडे यांनी होतो तो उद्वेगी. रक्तादिकांनी होतो तो क्षोभज. इंग्रजी शब्दाच्या दोन्ही अवस्था एका ओळीत आल्या.

१९८१चा 'द इव्हिल डेड' घ्या. बराचसा मामला क्षोभज; पण शेवटी, बाहुल्या एकेक फ्रेमला किंचित हलवून चित्रित केलेली प्रेते सडत, वितळत जातात, ते सरळ उद्वेगी. तिथे वर्तमानपत्री 'रक्तरंजित' थिटा पडतो, कारण अंगांतून पांढरा द्रवही वाहतो. 'रंजित' मात्र शब्दशः खरे: ते रक्त म्हणजे मक्याचा पाक, खाण्याचा लाल रंग आणि कॉफीत घालायची क्रीमर पावडर. पावडर कशाला? नुसता रंगवलेला पाक कोकम सरबतासारखा आरपार दिसतो. पावडरीने तो गढूळ होतो आणि रक्त वाटतो.

अडचण दुसरीकडे आहे. रोजच्या मराठीत बीभत्स म्हणजे अश्लील: बीभत्स हावभाव, बीभत्स नाच. 'बीभत्सपट' वाचून माणूस भलत्याच अपेक्षेने तिकीट काढेल! म्हणून रसचर्चेत हा शब्द खुशाल वापरावा. बातमीत, जाहिरातीत 'किळसवाणा भयपट' बरा. ब्रिटनमध्ये अशा कॅसेटींना 'व्हिडिओ नॅस्टी' नाव पडले होते आणि १९८४ साली त्यासाठी कायदाही झाला. त्या 'नॅस्टी'ला मात्र आपला 'ओंगळ' नेमका बसतो.

'स्प्लॅटर'साठी एकच शब्द शोधू नये, कारण मराठीत प्रकारवार शब्द आहेत. दाबाने बारीक धार उडते ती चिळकांडी, विखरून पडतात ते शिंतोडे, संथ उतरतो तो ओघळ, साचते ते थारोळे. १९८०च्या 'फ्रायडे द थर्टीन्थ'मध्ये पलंगाखालून घुसलेला बाण तरुणाच्या गळ्यातून वर येतो. गादीवर दिसते ते डोके खरे, मान आणि छाती नकली. चित्रीकरणात पंपाची नळी निसटली, तेव्हा खालच्या सहायकाने नळीत तोंडाने फुंकर मारून रक्त वर उडवले. ही चिळकांडी, इथे 'शिंतोडे' लिहिले तर दाब हरवतो, शिवाय बदनामीचाही वास येतो.

'स्लॅशर' यात मिसळू नये. एक मारेकरी एकेकाला गाठून मारतो, हा त्यात कथेचा साचा. रक्त किती दाखवायचे हा वेगळा मुद्दा. तो शब्द आहे तसाच ठेवावा.