वरच्या मजल्याआधी ती पॉलिसी बघा

‘कराडजवळ आमचा अडीच गुंठ्यांचा एनए प्लॉट आहे. माझं वय 46, खासगी नोकरी, 58 ला निवृत्ती. हातात 62,000 येतात, घरभाडं 9,000 जातं. घरात पत्नी, आई आणि दहावीतली मुलगी. दोन नकाशे काढून घेतलेत. एक 1,050 चौरस फुटांचा, सगळं तळमजल्यावर, दोन बेडरूम. दुसरा 1,700 फुटांचा, डबल हाइट हॉल, हॉलमधूनच जिना आणि वर दोन खोल्या. त्या भाड्याने दिल्या की महिना 6,000 सुटतील. कंत्राटदाराचा दर फुटाला 2,000. बजेट 40 लाख: एफडी 9, पॉलिसीचे 12 (साडूंनी ‘पाच वर्षांत दुप्पट’ म्हणून काढून दिली), कर्ज 19. कर्जाने टॅक्सही वाचेल. कोणता नकाशा घ्यावा?’

नकाशाकडे येतो. आधी त्या 12 लाखांकडे.

पॉलिसीचा कागद तुम्ही पत्रासोबत जोडलात, पण वाचलेला दिसत नाही. वर्षाला 1 लाख 20 हजारांचे पाच हप्ते गेले, म्हणजे 6 लाख. ‘पाच वर्षांत दुप्पट’ हे तुमच्या साडूंचं वाक्य आहे, कागदावर ते कुठेच नाही. कागदावर आहे ते असं: हप्ते दहा वर्षं, मुदत वीस वर्षं, विमा रक्कम 12 लाख. तुम्ही मोजताय ते 12 लाख तुम्ही 61 वर्षांचे झाल्यावरचे. आज मोडली तर भरलेल्याच्या निम्मे, 3 लाख, फार तर साडेतीन. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे सरासरी तीन वर्षं पडून राहिलेल्या पैशावर 20 टक्क्यांच्या वर व्याज झालं. ते देणारी योजना साडूंकडे असती तर ते दारोदार फॉर्म भरून घेत फिरले नसते.

म्हणजे तुमच्या 40 लाखांत 9 लाखांचं भगदाड आहे, आणि ते कळणार स्लॅब पडल्यावर. मग पतसंस्था, मग बायकोचं सोनं. अशी प्लास्टरविना थांबलेली घरं तुमच्याही गावात असतील.

ठेवावी का मग पॉलिसी? मी नाही ठेवणार. हप्ते थांबवून ती तशीच राहू दिली तर पंधरा वर्षांनी 6 लाख आणि आजवरचा बोनस हाती येईल. तेच 3 लाख घरात घातले तर तेवढं कर्ज कमी, आणि साडेआठ टक्क्यांनी पंधरा वर्षांत 3 चे 10 होतात. मोडा. पण मोडण्याआधी 50 लाखांचा साधा टर्म विमा (मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा) हातात घ्या, कारण आत्ता तुमच्यावर जो काही विमा आहे तो हाच. निर्व्यसनी असाल तर त्याचा वर्षाचा हप्ता आताच्या हप्त्याच्या पाव भागातही बसावा. कर्ज देताना बँकवाले एकरकमी हप्त्याची विमा पॉलिसी कर्जातच घालू पाहतील. ती सक्तीची नाही, सरळ नाही म्हणा.

दुसरी गोष्टही तुम्ही विचारलेली नाही. कर्ज मिळवून देणारा वीस वर्षं म्हणतोय, कारण हप्ता कमी दिसतो. 19 नाही, 18 लाखच धरू, का ते पुढे येईल. साडेआठ टक्क्यांनी त्यावर महिना 15,600. गोड वाटतं. पण 58 ला पगार थांबेल तेव्हा जवळपास 11 लाख डोक्यावर असतील. बारा वर्षांचं घ्या, हप्ता 20,000. झेपेल का? भाड्याचे 9,000 वाचतील आणि पॉलिसीचे महिन्याला 10,000 सुटतील, म्हणजे 19,000 तिथेच निघाले. बांधकामाचं वर्षभर मात्र भाडं आणि व्याज दोन्ही भरायचंय, ते धरून चाला. ‘कर्जाने टॅक्स वाचेल’ असंही लिहिलंय. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर लागत नाही. तुम्हाला कर नाहीच, वाचणार काय?

खरा पैसा मोजू. 9 लाखांपैकी 3 लाखांना हात लावायचा नाही. आई घरात आहे, मुलीची अॅडमिशन दोन वर्षांवर आहे. उरले 6. पॉलिसीचे 3. कर्ज 18. झाले 27. यात 1,700 फूट बसत नाही. त्याचं नुसतं बांधकामच 34 लाख.

वरच्या खोल्यांचं भाडंही बघून टाकू. जादा 650 फूट म्हणजे 13 लाख. त्यावर व्याज वर्षाला 1 लाख 10 हजार, भाडं 72 हजार, तेही एकही महिना खोली रिकामी न राहता. शिवाय जिना हॉलमधून! भाडेकरू रोज तुमच्या आईच्या कॉटशेजारून वर जाणार का?

तेव्हा 1,050 चा नकाशा. बांधकाम 21 लाख. पाया आणि कॉलम मात्र आत्ताच वरच्या मजल्याच्या हिशेबाने काढा, त्याला लाख-दीड लाख जादा जातील. कृष्णाकाठची काळी माती असेल तर मुरूम लागेपर्यंत खोदायला लावा, तिथे कंत्राटदाराचं ऐकू नका. कंपाउंड, बोअर, टाकी, वीज, मंजुरी, आर्किटेक्ट यांना साडेचार लाख. झाले 27. फर्निचर पुढे बघू.

नकाशात तीन बदल सुचवतो. जिना बाहेरून घ्या. उद्या वर बांधलंच तर भाडेकरूची वाट वेगळी राहील. स्वयंपाकघर आणि दोन्ही बाथरूम एका रांगेत आणा, पाइपलाइन अर्ध्यावर येते. आणि मधला चार बाय वीसचा पॅसेज काढा. ते 80 फूट आहेत, 1 लाख 60 हजारांचा बोळ. त्यातली निम्मी जागा आईच्या खोलीला लागून संडास-बाथरूमला द्या. आत्ताच्या नकाशात त्यांना रात्री हॉल ओलांडून जावं लागतंय.

कंत्राटदाराला उचल देण्याआधी विमा कंपनीच्या शाखेत जाऊन सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे आज मोडली तर नेमके किती मिळतील ते, लेखी घ्या. साडूंना सोबत नेऊ नका.