अंगावर काढलेले दुखणे आणि पुढे गेलेली तारीख

हे पत्र २०२० मध्ये, करोनाच्या साथीच्या काळात, कळव्याहून एका ४६ वर्षांच्या वाचक भगिनींनी लिहिले आहे. गर्भपिशवीतील गाठींमुळे त्यांना दोन वर्षांपासून पाळीत अतिरक्तस्राव होतो. ३० मार्च २०२० रोजी ठरलेली त्यांची शस्त्रक्रिया टाळेबंदीमुळे पुढे ढकलली गेली. आता रुग्णालयाने फोन करून २३ नोव्हेंबर ही तारीख देऊ केली आहे. मात्र सासूबाई म्हणतात, ‘दवाखान्यात जाशील आणि करोना घरी आणशील’, तर यजमान म्हणतात, ‘इतके महिने निभावलेस, आता मे महिन्यात बघू’. त्या विचारतात, ‘माणसे खाटेसाठी वणवण फिरत असताना मी माझ्या पाळीचे रडगाणे कशाला गाऊ? होकार देणे स्वार्थीपणाचे होईल का?’

सप्रेम नमस्कार, ताई.

तुमच्या पत्रात हिमोग्लोबिनचा आकडा अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखा आला आहे. मार्चमध्ये ते १०.१ होते आणि ऑगस्टमध्ये ७.९ झाले. मी मात्र सुरुवात तिथूनच करते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण साधारणपणे १२ किंवा त्याहून अधिक असावे लागते आणि ते ८ च्या खाली गेले की डॉक्टर त्याला तीव्र रक्तक्षय म्हणतात. दुसऱ्या मजल्यावर चढताना तुम्हाला लागणारी धाप तुम्ही वयाच्या खात्यावर मांडली आहे, पण ती रक्ताच्या खात्यावरची असण्याचा संभव मोठा आहे, आणि ऑगस्टनंतरही पाळी येऊन गेलीच असेल. तेव्हा ‘इतके महिने निभावले’ हे यजमानांचे वाक्य खरे नाही; ते महिने तुमच्या शरीराने स्वतःजवळचे खर्चून काढले आहेत.

तुमची शस्त्रक्रिया मार्चमध्ये पुढे ढकलली गेली, ती अनावश्यक होती म्हणून नव्हे. खाटा, भूलतज्ज्ञ आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाची यंत्रे करोनाच्या रुग्णांसाठी मोकळी राहावीत आणि इतर रुग्णांना रुग्णालयात संसर्ग होऊ नये, यासाठी आरोग्य मंत्रालयाने तेव्हा नियोजित शस्त्रक्रिया लांबणीवर टाकण्यास सांगितले होते. मे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा अंदाज होता की साथीच्या ऐन भराच्या १२ आठवड्यांत जगभर सुमारे २ कोटी ८० लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा पुढे जातील. ‘नियोजित’ या शब्दाचा अर्थ एवढाच की तारीख आधी ठरवता येते. आपल्या घरांत मात्र त्याचा अर्थ ‘नाही केली तरी चालेल’ असा लावला जातो, आणि दुखणे घरातल्या बाईचे असले की तो फारच लवकर लावला जातो, हे मला मनापासून खुपते. माझी स्वतःची मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही एप्रिलमध्ये पुढे गेली. ते थांबणे चालण्यासारखे होते, तुमचे नाही.

तुम्ही कोणाचीही खाट हिरावून घेत नाही. ठाण्यातील बाळकुमच्या ग्लोबल हबमध्ये आणि वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात करोनासाठी स्वतंत्र सोय उभी राहिली, ती इतर रुग्णालयांवरचा भार हलका व्हावा म्हणूनच, आणि तुमच्या रुग्णालयाने आपणहून तारीख दिली आहे. ती नाकारलीत तर पुन्हा रांगेच्या टोकाला जावे लागेल.

सासूबाईंची भीती मात्र मी खोटी म्हणणार नाही. त्या ७८ वर्षांच्या आहेत, त्यांना मधुमेह आहे आणि जुलैमध्ये ठाण्यात पुन्हा कडक टाळेबंदी लागल्याचे त्यांनी पाहिले आहे. त्यांच्याशी वाद घालू नका. शस्त्रक्रियेआधी आरटीपीसीआर तपासणी होते का, करोनाचे रुग्ण वेगळ्या विभागात आणि वेगळ्या कर्मचाऱ्यांकडे असतात का, सोबतीला किती जणांना राहता येते, हे रुग्णालयाला विचारा आणि मिळालेली उत्तरे त्यांना सांगा. रुग्णालयातून सुटल्यावर पहिले दोन आठवडे तुम्ही मुंब्र्याच्या बहिणीकडे राहू शकाल, असे तुम्हीच लिहिले आहे. तसे केल्यास सासूबाईंचीही काळजी घेतली जाईल आणि तुम्हाला विश्रांतीही मिळेल, कारण स्वतःच्या घरी तुम्ही चौथ्या दिवशी ओट्यापाशी उभ्या राहाल, अशी मला धास्ती वाटते.

यजमानांशी हा विषय ताट वाढताना काढू नका. हिमोग्लोबिनचे दोन्ही अहवाल त्यांच्यासमोर ठेवा आणि डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर बोलू द्या. सात महिन्यांत गाठी वाढल्या असतील, म्हणून नवी सोनोग्राफी लागेल का, आणि केवळ गाठी काढायच्या की पिशवीच काढायची, हेही त्याच वेळी विचारा. हा निर्णय तुमचा आणि डॉक्टरांचा आहे. खर्चाचा प्रश्न असेल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्रांना, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेच्या मदतनिसांना, भेटा. महात्मा फुले जनआरोग्य योजना ही राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना २०२० मध्ये पांढऱ्या रेशनकार्डधारकांनाही लागू केली गेली. तुमचा उपचार तिच्यात बसतो की नाही, ते सांगू शकतील.

२०२० मध्ये महाविद्यालये आणि कार्यालये बंद राहिल्याने रक्तदान शिबिरे कमी झाली, म्हणून सोसायटीतल्या दोन-तीन रक्तदात्यांशी आताच बोलून ठेवा. मधल्या काळात तासाला एक पॅड भिजू लागले, चक्कर आली किंवा बसल्या जागी छाती धडधडू लागली, तर २३ तारखेची वाट न पाहता तत्काळ रुग्णालयात जा.

साथीमुळे लोकलवर निर्बंध असले, तरी २१ ऑक्टोबर २०२० पासून महिलांना सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत लोकलने जाण्याची मुभा मिळाली. कळव्याहून ठाणे एकच स्थानक आहे. रुग्णालयाला होकार कळवा आणि उद्याच्या ११ नंतरच्या गाडीने जाऊन रक्त तपासून घ्या, म्हणजे डॉक्टरांना शिरेतून लोह द्यावेसे वाटले तर त्याचा परिणाम दिसायला दोन आठवडे तरी हाताशी राहतील.