स्प्रिंगचं वजन केलंत का?

तुमची पोस्ट वाचून हसू आलं आणि जुना राग पण वर आला. तुम्ही विचारलंय: वजनं टांगून वाढलेली लांबी मोजली तर स्प्रिंगचा स्थिरांक (ती किती ताठ आहे तो आकडा) २० न्यूटन प्रति मीटर येतो, त्याच स्प्रिंगला २०० ग्रॅम लावून आंदोलनं मोजली तर १८.२, मग स्टॉपवॉच बिघडलंय का? नाही हो, स्टॉपवॉच बिघडलेलं नाही. माझंही अगदी हेच झालं होतं.

हूकचा नियम (जितका जोर, तितकी लांबी वाढते), आवर्तकालाचं म्हणजे एका आंदोलनाला लागणाऱ्या वेळाचं सूत्र तुम्हाला येतंच. पण स्प्रिंग स्वतः किती ग्रॅमची, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. गोम तिथे आहे. वरचं वेटोळं जागचं हलत नाही, खालचं वजनाबरोबर धावतं, मधली आपापल्या अंतराच्या प्रमाणात. गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, म्हणून बेरजेत स्प्रिंगच्या वस्तुमानाचा एक तृतीयांश टांगलेल्या वजनात मिळवावा लागतो. ती ६० ग्रॅमची निघाली तर २०० ऐवजी २२० धरा, १८.२ चे २० होतात. (वजन अडकवायच्या हुकाचं वजन २०० मध्ये धरलंय ना?)

बीएस्सीच्या पहिल्या वर्षी माझा आवर्तकालाचा वर्ग विरुद्ध वजन हा ग्राफ शून्यातून जाईना. रेषा मागे वाढवली की उणे २० ग्रॅमच्या आसपास अक्ष कापायची. लॅबमध्ये फर्मान निघालं, "ग्राफ शून्यातूनच गेला पाहिजे, नाहीतर जर्नलवर सही नाही." स्प्रिंग तोलायला तराजू मागितला तर म्हणे ते जर्नलमध्ये नाही! मग घरी बसून तीन रीडिंग 'बसवली'. सही मिळाली. परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी ग्राफ बघून विचारलं, "स्प्रिंगला वजन नाही का?" मी ठामपणे "नाही" म्हणालो. त्यांनी स्प्रिंग काढून माझ्या तळहातावर ठेवली. पुढचं काही विचारलंच नाही. मार्क किती गेले ते सांगत नाही.

म्हणून माझं मत, कुणाला पटो न पटो: एका वजनावरून स्थिरांक काढूच नका. पाच-सहा वजनं घ्या, रेषा जाईल तिथे जाऊ द्या. चढावरून स्थिरांक मिळतो आणि त्यात स्प्रिंगचं वजन आड येत नाही. ती जिथे वजनाचा अक्ष कापते तो आकडा चूक नाही, तो स्प्रिंगच्या वजनाचा एक तृतीयांश (आणि हूक धरला नसेल तर त्यात हुकाचं वजनही) आहे. मी काही प्राध्यापक नाही, आणि एक तृतीयांश हा वाटाही टांगलेलं वजन स्प्रिंगपेक्षा बरंच जड असेल तरच खरा. नुसती स्प्रिंग हलवली तर तो वाटा ०.४ च्या जवळ जातो.

जाता जाता: मोजणी 'शून्य' म्हणून सुरू करा. 'एक' म्हणालात तर २० ची १९ होतात आणि स्थिरांक दहाएक टक्क्यांनी फुगतो. वजन टोकाला असताना नाही, मधून जाताना मोजा. एखाद्या ठराविक वजनाला ते आपोआप लंबकासारखं आडवं झुलू लागलं तर घाबरू नका. खालीवर होण्याची वारंवारता झुलण्याच्या दुप्पट झाली की असं होतं. ते वजन बदला.

लॅबवाले तराजू देणार नसतील तर कोपऱ्यावरच्या सोनाराकडे जा. स्प्रिंगचा आकडा इथे टाका, मग बघू.