चिनी नववर्षाच्या शेंगदाण्याच्या कुकीज कधी पसरतात, कधी चिरतात. नेमकं प्रमाण काय?

तुमच्या दोन्ही अडचणींचं मूळ तेलात आहे. मलेशिया-सिंगापूरमधल्या चिनी घरांत नववर्षाला पाहुण्यांपुढे ज्या कुकीज ठेवतात, त्यांच्या कृतीत तेलाचा आकडा फक्त अंदाजापुरता असतो. शेंगदाण्याला स्वतःचं तेल असतं आणि कूट जितकं बारीक, तितकं ते जास्त सुटतं.

साधारण 75 कुकीजसाठी भाजून सोललेले शेंगदाणे 250 ग्रॅम, मैदा 250 ग्रॅम, पिठीसाखर 120 ग्रॅम, मीठ अर्धा चमचा आणि शेंगदाणा तेल 150 ते 175 मिली घ्या. मीठ वगळू नका, त्याच्याविना चव सपक लागते. सोडा, बेकिंग पावडर काही लागत नाही.

खरं काम दाण्यांचं आहे. कच्चे दाणे ओव्हनमध्ये 160 अंश सेल्सिअसवर 20 मिनिटं, मध्ये दोनदा हलवून, आतपर्यंत बदामी होऊ द्या. भाजण्याआधी एक चावून बघा. खवट दाणा भाजल्यावरही खवटच राहतो. साल काढून ते पूर्ण गार करा. गरम दाणे मिक्सरला लावले की तेल सुटून लगदा होतो. मिक्सर थांबवत-थांबवत फिरवा आणि कूट चाळून घ्या. खिचडीला घालतो तसं भरड कूट इथे चालत नाही, त्यानेच कडा चिरतात.

कोरडे जिन्नस एकत्र करून आधी 130 मिली तेल घाला, मग चमच्या-चमच्याने वाढवा. मळायचं अजिबात नाही. मळलं की कुकी ठिसूळ न होता कडक होते. मूठ दाबल्यावर गोळा राहावा, बोटाने टोचल्यावर मोडावा, तिथे थांबा. गोळा चकचकीत दिसून हाताला तेल लागलं तर तो पसरणारच. मग दोन चमचे मैदा भुरभुरा.

दहा-दहा ग्रॅमचे गोळे वळून किंचित दाबा. वर अर्धा शेंगदाणा बसवा, किंवा पेनच्या टोपणाने गोल ठसा उमटवा. दोन्ही जुन्या पद्धती आहेत. चिनीत शेंगदाण्याला ‘दीर्घायुष्याचं फळ’ असंही म्हणतात, म्हणून सणाला त्याला मान. अंड्याचा पिवळा बलक गाळून, चमचाभर पाण्यात फेटून पातळ लावा, पाच मिनिटांनी दुसरा हात द्या. अंडं चालत नसेल तर दूध लावा, चकाकी मात्र कमी येते.

170 अंशांवर 15 ते 18 मिनिटं भाजा. बाहेर काढल्यावर त्या मऊ असतात, म्हणून दहा मिनिटं ट्रेला हात लावू नका. उचलल्यात तर तुकडे होतील. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर वाफेने सादळतात. हवाबंद डब्यात दोन-तीन आठवडे छान राहतात, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा जास्त खमंग लागतात.