फीडमध्ये तेल ओतून गाभोळी भरत नाही

तुमचा प्रश्न असा, की तलावातल्या खेकड्याच्या माद्या खाऊनपिऊन जाड झाल्यात पण अंडाशय नीट पिकत नाही, समुद्रातून आणलेल्या मात्र लगेच भरतात, तर फीडमध्ये तेल वाढवू का. माझ्या मते नको. वाढवायचंच असेल तर कुठलं तेल ते आधी बघा.

मीही आधी हाच घोळ घातलाय. शेवटी दोन माद्या उघडून शेजारी ठेवल्या, एक तलावातली आणि एक समुद्रातली. तलावातलीचं हेपॅटोपँक्रियाज, म्हणजे खेकड्याचं यकृत म्हणा, चांगलं टम्म पिवळं होतं आणि अंडाशय फिकट, दुधी रंगाची बारीक पट्टी! दुसरीत गडद नारिंगी गाभोळी पार कवचाच्या कडेपर्यंत आलेली. म्हणजे चरबी कमी नव्हती हो, ती गोदामातच पडून होती. (तो नारिंगी रंग कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचा, तोही खाण्यातूनच येतो, त्यामुळे नुसत्या रंगावर भाळू नका.)

अंड्यातला बलक म्हणजे प्रोटीन आणि चरबी एकत्र, त्यातही फॉस्फोलिपिड, म्हणजे चरबीचाच एक प्रकार, बरंच. त्यासाठी ईपीए, डीएचए आणि ॲराकिडोनिक आम्ल ही लांब साखळीची स्निग्धाम्लं लागतात. समुद्री खेकड्यांना सोयातेलातल्या लिनोलिक आणि लिनोलेनिक आम्लांपासून हे पुरेसं बनवता येत नाही, त्यामुळे वनस्पती तेलाचं फीड दिलं की अंगात लिनोलिक साचतं आणि हवं ते कमीच राहतं. ॲराकिडोनिक तर लोक विसरूनच जातात, पण प्रोस्टाग्लँडिन नावाची हार्मोनसारखी द्रव्यं त्यापासूनच बनतात आणि अंडाशय पिकण्यात त्यांचा हात असतो. कोलेस्टेरॉलचंही तेच, खेकडा-कोळंबीसारखे कवचधारी प्राणी ते स्वतः बनवू शकत नाहीत आणि कात टाकण्याचं हार्मोन त्यापासूनच बनतं, म्हणजे तेही तोंडावाटेच गेलं पाहिजे.

समुद्रातली मादी शिंपले, किडे, छोटे मासे असं मिळेल ते खाते, तिला हे सगळं आपसूक मिळतं. म्हणून मी शेवटच्या टप्प्यात कोरडं फीड कमी करून माकूळ, शिंपले आणि समुद्री किडे आलटूनपालटून देतो. एकाच गोष्टीवर राहू नका. आणि फिश ऑइल वापरणार असाल तर आधी डबा उघडून वास घ्या, ही तेलं फार लवकर खवट होतात, खवट तेल देण्यापेक्षा न दिलेलं बरं.

डोळ्याचा देठ कापायचा सल्ला कोणीतरी देईलच. तिथून अंडाशयाला रोखणारं हार्मोन येतं हे खरं, कापल्यावर ब्रेक निघतो, पण टाकीत योग्य इंधन नसेल तर गाडी जाणार कुठे? अंडी येतीलही, पण अंड्यातला गर्भ आणि नुकती बाहेर पडलेली पिल्लं, म्हणजे झोइया, बलकातल्या चरबीवर अवलंबून असतात, तिथे मार खाल.

अजून एक, समुद्रातली म्हणजे चांगलीच असं नसतं, ऋतू आणि जागेवर खूप फरक पडतो. तुमच्या माद्यांची वयात येतानाची शेवटची मोठी कात झालीये का? पोटाखालचा पडदा अजून त्रिकोणीच असेल तर त्या वयातच आलेल्या नाहीत, मग काहीही खायला घाला, गाभोळी भरणार नाही. आधी मादी उलटी करून तेवढं बघा आणि सांगा.